एकतीस फोटोंतला धावणारा माणूस

मालवण,
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय जेरीदादा यास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. देवाच्या दयेने आणि गुडघ्याला चोळायच्या तेलाने मम्मी हिंडतीफिरती आहे, मी बरी आहे, आणि तू, वहिनी व मुलं इंग्लंडात, स्विंडनच्या थंडीत न गोठता ठीक असाल असं धरून चालते. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळ्या वेळेवर घेतोस ना? (हे मी आत्ताच विचारून घेते, कारण पत्राच्या मध्यावर त्याची गरज पडेल.) मम्मी विचारते, तिकडे ताजा बांगडा मिळतो का. मिळत नाही हे तिला माहीत आहे, पण दर वेळी विचारल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात तुझ्या पन्नाशीच्या समारंभात पडद्यावर दाखवायचे, आपण लहानपणी बहारीनला होतो तेव्हाचे फोटो आहेत. नोव्हेंबरात तू फोनवर म्हणालास, अगो, तीसेक जुने फोटो स्कॅन करून पाठव, दहा मिनिटांचं काम. दादा, त्या दहा मिनिटांना दोन महिने लागले, त्यात मी एकदा दोडामार्गला जाऊन आले, आणि आता जे सांगायचं आहे ते व्हॉट्सॲपवर लिहिण्यासारखं नाही. व्हॉट्सॲपवर काहीही लिहिलं तरी तू अंगठा पाठवतोस. मम्मीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, अंगठा. माडावरून नारळ पडून गाडीची काच फुटली, अंगठा. तेव्हा हे कागदावर, आणि शेवटपर्यंत वाच.

आपला तो अल्बम तुला आठवत असेलच, बदामी आकाराच्या खिडक्यांचा, ज्यात मम्मीने सगळे फोटो कात्रीने कापून बसवले होते. खिडक्या लहान होत्या म्हणून कापले, असं ती आपल्याला सांगत आली. मी तो अल्बम घेऊन बाजारातल्या भाईंच्या स्टुडिओत गेले. (भाई आता फोटो फारसे काढत नाहीत. आधारकार्डाची झेरॉक्स, लॅमिनेशन आणि बारशाचे बॅनर, यावर स्टुडिओ चालतो.) भाईंनी चष्मा वर करून ते कापलेले तुकडे पाहिले आणि विचारलं, निगेटिव्ह नाहीत का? मी घरी येऊन मम्मीला विचारलं. मम्मी म्हणाली, नाहीत. इतक्या चटकन म्हणाली की बावीस वर्षं वर्गावर काढलेल्या बाईला ते उत्तर संशयास्पद वाटायलाच हवं होतं, पण मी पडले घरात बावळट. दोन दिवसांनी मी शाळेतून आले तर जेवणाच्या टेबलावर एक पिवळं पाकीट. घरातल्या वेदीखालच्या खणात, मेणबत्त्यांच्या खोक्याखाली ते चाळीस वर्षं होतं. मम्मी म्हणाली, "गावली. घे." आणि भात बघायला उठली. भात तेव्हा शिजून निथळून झाकलेला होता.

निगेटिव्ह खिडकीशी धरून पाहिले. तू पांढऱ्या केसांचा, काळ्या दातांचा म्हातारा दिसत होतास. मी म्हटलं, भाईंना कशाला त्रास, हे आपण घरीच करू. मग मी हापूसच्या रिकाम्या पेटीला भोक पाडलं, आत लॅपटॉपचा पांढरा पडदा लावला, वर निगेटिव्ह, त्याच्यावर फोन, आणि फोन हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना नववीच्या व्याकरणाची पुस्तकं. फोनमध्ये रंग उलटे केले तेव्हा आपलं सगळं कुटुंब निळसर-हिरवं, समुद्रातून बाहेर काढून ओळख पटवायला ठेवल्यासारखं आलं. मम्मीने क्रॉस केला. दुसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन मुकाट्याने भाईंकडे गेले.

भाईंच्या माळ्यावर एक स्कॅनर होता, निगेटिव्हच्या साच्यासकट, त्यांच्या मुलाने पंधरा वर्षांपूर्वी मुंबईहून आणलेला आणि खोक्याबाहेर कधीच न काढलेला. भाईंना तो चालवून बघायचीच हौस होती. आम्ही दोघांनी शनिवार-रविवार बसून सगळ्या पट्ट्या स्कॅन केल्या. मी खुशीत लॅपटॉप घरी आणून मम्मीपुढे ठेवला. तिने पहिला फोटो पाहिला, तुझ्या सहाव्या वाढदिवसाचा, डॅडी तुझा हात धरून केक कापताहेत. "तुझो डॅडी डावरो कदी झालो?" मम्मीने विचारलं. सगळ्या पट्ट्या आम्ही उलट्या बाजूने घातल्या होत्या! पुन्हा भाईंकडे. एका फोटोत मागे दुकानाची पाटी दिसत होती, पण ती अरबी, आणि ती सुलटी आहे की उलटी यावर मी आणि भाई पंधरा मिनिटं वाद घालत बसलो. अरबी दोघांनाही येत नाही, त्यामुळे वादात रंगत होती. शेवटी डॅडींच्या शर्टाचा खिसा कुठल्या बाजूला येतो त्यावरून निकाल लागला.

आता मुख्य गोष्ट. सुलटे केलेले फोटो पडद्यावर एकामागून एक सरकत होते आणि चौथ्या फोटोला भाई थांबले. "हो कोण?" आपण चौघे झाडाखाली उभे, आणि डाव्या कडेला एक पुसट माणूस, एक पाय हवेत, केस उडालेले. पुढच्या फोटोत आपण समुद्रावर, आणि तोच माणूस उजव्या कडेला, वाळूत वाकडा झालेला. त्याच्या पुढच्यात तो मम्मीच्या मागे अर्धा पोचलेला, तोंड हसरं, पण डोळे मिटलेले. दादा, मी मोजले. चांगल्या आलेल्या एकतीस फोटोंत एकतीस वेळा तो माणूस धावत होता. आणि अल्बममधल्या कापलेल्या फोटोंत तो कुठेच नव्हता. बदामी खिडकीचा आणि कात्रीचा काय संबंध होता ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मम्मी फोटो मापाने कापत नव्हती, ती माणूस कापत होती.

माझी झोप उडाली. कोण असेल? चोर असेल तर हसतो कशाला? नातेवाईक असेल तर उभा का राहत नाही? भाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी, बॅनरवर कुणाच्या तरी बाळाचं नाव चिकटवता चिकटवता, कोडं सोडवलं. "अगो, ह्योच फोटोग्राफर. कॅमेऱ्याक धा शेकंदांची कळ आसता. ती दाबूची आणि धावत जावन लोकांत उभा ऱ्हवाचा. ह्येका दरवेळी उशीर झालो, इतक्याच." म्हणजे कॅमेरा त्या माणसाचा होता! आपल्याला आठवतं ते असं, की डॅडींकडे कॅमेरा होता आणि पुढे फिल्म महाग झाल्यामुळे फोटो बंद झाले. डॅडींकडे कॅमेरा कधीच नव्हता, दादा.

मी मम्मीला सरळ विचारलं. ती म्हणाली, "तो? तो कोणी नाय." आणि तीन दिवस माझ्याशी फक्त मासे आणि हवा या विषयांवर बोलली. चौथ्या दिवशी सुकी सुंगटं निवडताना, कोळंबीच्या शेपट्या मोडता मोडता, मान वर न करता, तिने आपणहून सुरुवात केली. त्याचं नाव दत्ताराम गवस. दोडामार्गाकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, डॅडींच्या गोदीत वायरमन. एका खोलीत दहाजण राहायचे, म्हणून स्वतःचा नवाकोरा कॅमेरा तो आपल्याकडे, खालच्या कपाटात ठेवायचा. दर शुक्रवारी सुट्टी, दर शुक्रवारी साडेबाराला आपल्याकडे जेवायला. जेवणाआधी फोटो, कारण जेवल्यावर डॅडींचे डोळे मिटायचे. फिल्म तो आणायचा, धुवायला तो टाकायचा, आणि फोटो-निगेटिव्ह सगळं आपल्याला देऊन टाकायचा. "माका एकट्याक फोटो कित्याक, तुमच्यात आसंय ना मी," म्हणायचा.

आणि १९८३च्या मार्चमधल्या एका शुक्रवारी त्याने कपाटातून कॅमेरा काढला तर आत पाणी. काचेवर थेंब, कळ घट्ट. त्याने डॅडींना विचारलं. डॅडी म्हणाले, मी हात लावलेला नाही. (खरं होतं.) आपल्या दोघांना विचारलं, आपण माना हलवल्या. मम्मीला विचारलं, ती म्हणाली, माका म्हायत नाय. मग जेवताना दत्ताराम म्हणाला, "मगे तो आपणच न्हालो?" डॅडींचा स्वभाव तुला माहीत आहे. ते म्हणाले, "माज्या घरात जेवतंस आणि माकाच खोटो म्हणतंस?" त्या माणसाने हातातला घास ताटात ठेवला, उठला, हात धुतला, रोल गुंडाळून कॅमेऱ्यातून काढला आणि टेबलावर ठेवला. हे तुमचेच फोटो, म्हणाला. मेलेला कॅमेरा घेऊन गेला तो गेला. पुढे त्याची बदली दुसऱ्या गोदीत झाली आणि पुढच्या वर्षी आपण गावाला आलो. डॅडींनी मम्मीला सांगितलं, त्याला फोटोंतून काढ. तिने काढला. "पण निगेटिव्ह मी कापूक नाय," मम्मी म्हणाली, आणि सुपातली सुंगटं घेऊन आत गेली.

आता ब्लडप्रेशरची गोळी घे. त्या टेबलावर ठेवलेल्या शेवटच्या रोलच्या शेवटच्या पट्टीवर पाच चित्रं आहेत जी कधी छापलीच गेली नाहीत. (भाई सांगतात, तेव्हा बिघडलेले फोटो दुकानवाले छापतच नसत.) पहिलं, पायाचा अंगठा. दुसरं, पंखा. तिसरं, इतक्या जवळून काढलेलं एक तोंड की फक्त जीभ दिसते. चौथं, कपाटाचा आरसा, आणि आरशात बनियन आणि चड्डीतला एक मुलगा, बारीक कापलेले केस, तोंडासमोर दत्तारामांचा कॅमेरा. त्याच्या मागे दाराआड दुसरं पोर, तोंडात बोट, घाबरलेलं. आणि पाचवं चित्र म्हणजे बादली. बादलीत एक कुर्ली, नांग्या वर केलेल्या, आणि चित्राचा अर्धा भाग हिरवट, पाण्याखालून दिसतो तसा. डॅडी शुक्रवारी सकाळी बाजारातून जिवंत कुर्ल्या आणायचे ना? कुणाला तरी पाण्याखाली कुर्ली कशी दिसते ते बघायचं होतं, आणि त्याने कॅमेरा बादलीत घातला होता.

भाई म्हणाले, "काढणारो बुटको आसा. सगळा खालसून काढलेला." तू आठ वर्षांचा होतास, वयाच्या मानाने बुटकाच होतास. बनियन तुझी, निळ्या काठाची. चड्डी तुझी. मागे तोंडात बोट घालून उभी आहे ती मी, सहा वर्षांची, निष्पाप. आता मला उमगतं की मी फोनवर बहारीनचं नाव काढलं की तुझा आवाज नेमका का तुटायचा. दादा, मी रागावलेली नाही. मी इतकंच म्हणते की तुझ्या एका कुर्लीपायी दोन मित्र पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि तू तिकडे हॉल बुक करून त्याच फोटोंचा कार्यक्रम करतो आहेस.

मला राहवेना. गेल्या रविवारी मी मम्मीला शाळेचं काम आहे असं सांगून सावंतवाडीमार्गे दोडामार्गला गेले. तिथे उतरून दत्ताराम गवस कुठे राहतात असं विचारणं म्हणजे मालवणात मासे कुठे मिळतात असं विचारणं. चहावाला म्हणाला, "किती दत्ताराम व्हये?" पहिला दत्ताराम चाळिशीचा निघाला. दुसऱ्याने चहा पाजला, पोहे खायला घातले, स्वतःच्या मणक्याच्या ऑपरेशनची साद्यंत हकीकत सांगितली आणि मग म्हणाला की आपण बेळगावच्या पलीकडे कधी गेलो नाही. मी चहाच्या दुकानात परत आले आणि लॅपटॉप उघडून फोटो दाखवला. तोंड तर पुसटच होतं. पण बाकड्यावरचे दोघे एकदम हसले. "हो आमचो दत्तारामबाप्पा! अजूनय असोच धावता. वानरांच्या मागसून, नायतर हत्तीच्या पुढसून." धावण्यावरून माणूस ओळखलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

केळीच्या बागेत घर आहे, मागे काजू, थोडं रबर. दत्ताराम काका शहात्तर वर्षांचे आहेत, काटकुळे, कान मोठे. मी फॉस्टिनची मुलगी म्हणून सांगितलं तेव्हा हातातला कोयता त्यांनी हळूच भिंतीला टेकवून ठेवला. बोलल्या त्या शेवंती काकी, त्यांची बायको. मी पडद्यावर पहिला फोटो लावला तर त्या पदराने लॅपटॉप पुसायला लागल्या. त्यांना वाटलं डाग आहे.

"डाग नाही काकी, हे तुमचे यजमान."

"ह्ये तुमी? इतके बारीक? आणि खंय धावतास ओ?"

"फोटोत," काका म्हणाले.

दादा, त्या माणसाकडे बहारीनचा स्वतःचा एकही फोटो नाही. लग्न नंतर झालं, म्हणून काकींनी त्यांना तिशीत कधी पाहिलेलंच नव्हतं. एकतीसच्या एकतीस फोटो त्यांनी दोनदा पाहिले आणि प्रत्येक फोटोला हसल्या. काका समजावून सांगत होते, स्टुलावर डबा, डब्यावर कॅमेरा, दहा सेकंद, मधे जेरीचा फुटबॉल पायात. मग सहज त्यांनी विचारलं, "फॉस्टिन खंय? तेका घेवन कित्याक येवक नाय?"

मला वाटलं होतं त्यांना माहीत असेल. इतक्या वर्षांत कुणीतरी सांगितलं असेल. मी म्हटलं, काका, डॅडी जाऊन तेरा वर्षं झाली. ते उठले आणि पंप बंद करतो म्हणून बागेत गेले. पंप चालू नव्हता. शेवंती काकींनी मला खुणेने थांबवलं. अर्ध्या तासाने ते केळ्यांची एक फणी घेऊन आले, ती माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, दाखव, अजून काय आसा ता.

मी शेवटची पाच चित्रं दाखवली. त्यांनी चष्मा लावला. कुर्लीशी येऊन थांबले. "कुर्लेचो फोटो बरो इलो हा," म्हणाले. मग आरशातल्या मुलावर बोट ठेवून, "ह्यो कोण? जेरी?" मी म्हटलं, होय, जेरीच. (जोर देऊन म्हटलं.) त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे फॉस्टिन खराच सांगी होतो," इतकंच म्हणाले. त्यांना बेचाळीस वर्षं वाटत होतं की डॅडींनी कॅमेरा कुणाला तरी मिरवायला दिला आणि त्यांच्यापासून लपवलं. मग निघताना, बसस्टॉपपर्यंत सोडायला आले तेव्हा, "मी जेवान अर्ध्यार टाकून उठलंय. ता बरा नाय झाला," म्हणाले. येत्या शुक्रवारी, १७ तारखेला, साडेबाराला ते मालवणला येणार आहेत. वार त्यांनीच सांगितला.

तर दादा, त्या शुक्रवारी आपल्या घड्याळाने पाऊण वाजता, म्हणजे तुझ्याकडे सकाळी सव्वासातला, तू व्हिडिओ फोन करायचा आणि दत्ताराम काकांची माफी मागायची. मालवणीत मागायची. इंग्रजीतलं 'सॉरी' धक्का लागला तरी म्हणतात. वहिनीला नमस्कार, मुलांना पापे.

तुझी धाकटी बहीण,
जॅनेट

ता. क. पेनड्राइव्हमध्ये सगळे फोटो अखंड आहेत. वहिनीला सांग, कडेचा माणूस कापायचा नाही. कापल्याचं कळलं तर आरशातला फोटो मी तुझ्या चर्चच्या ग्रुपवर टाकीन. मम्मी पत्र वाचायला मागते आहे. वाचू दे, तिलाही कळू दे तिच्या लाडक्याचा प्रताप.

ता. क. दुसरा, बुधवार. मम्मीने पत्र वाचलं. आधी म्हणाली, "शुक्रवारचा आवताण तू पोस्टान धाडतंस?" पेनड्राइव्हसोबत पत्र, पत्राला बारा दिवस, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तिने आरशातला फोटो मोठा करायला सांगितला, भिंग लावलं, आणि म्हणाली, "अगो, हो जेरी नाय. ह्या तू."

त्या मार्चमध्ये माझ्या केसांत उवा झाल्या होत्या आणि तिने माझे केस बारीक कापले होते. फ्रॉक धुवायला टाकले होते म्हणून तुझी बनियन-चड्डी घातली होती. तोंडात बोट घालायची सवय तुझी होती, दहा वर्षांचा होईस्तोवर, माझी कधीच नव्हती. मला यातलं काही आठवत नाही. मी विचारलं, तुला तेव्हा माहीत होतं? ती म्हणाली, सकाळी ती मोरीत आली तर तू टॉवेलने कॅमेरा पुसत होतास, त्यात फुंकर मारत होतास, आणि तिला बघून म्हणालास की मीच केलं. "पण तेचे हात सुके होते. आणि तू कोपरापर्यंत भिजलेली." डॅडींचा पट्टा दारामागे होता. तिने कॅमेरा कव्हरात घातला, कपाटात ठेवला आणि दुपारी म्हणाली, माका म्हायत नाय. तिला वाटलं दोन शुक्रवारांनी दत्ताराम येईल, तेव्हा सांगू. तो आला नाही. मग डॅडींना सांगायची वेळ कधी आलीच नाही, आणि मग डॅडीच गेले. हे सांगून ती रडली नाही. पण रात्री जेवली नाही.

दादा, पान दुसरं ते पाचवं फाडून टाक, किंवा ठेव, तुला वाटेल ते कर. फोन करायला माझा हात धजत नाही. तू मला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस. मी डॅडींच्या पट्ट्याच्या मारातून सुटले ते मला माहीतसुद्धा नव्हतं, आणि परवा मी दोडामार्गला जाऊन एका म्हाताऱ्या माणसाला तुझं नाव सांगून आले. जोर देऊन.

ता. क. तिसरा, शुक्रवार, दुपारचे साडेचार. पत्र अजून घरातच आहे. काका साडेबाराला पाच मिनिटं असतानाच आले. मी ताट वाढायच्या आत सांगून टाकलं, उभ्यानेच, नाहीतर सांगितलं नसतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तू? तू तर इतकीशी होतंस." मग मम्मीने आपलं सांगितलं. तिचं जास्त कठीण होतं. ती म्हणाली, मला माहीत होतं, दत्ताराम, आणि मी गप्प राहिले. काकांनी खांद्यावरची पिशवी उतरवून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "तुमका दोन पोरां होती. माका येक कॅमेरो." हे माफ केलं म्हणून म्हणाले की नाही केलं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मम्मीलाही नाही. मग त्यांनी ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, "वाढा." भात दोनदा घेतला. ताकाच्या वेळी विचारलं, त्या कुर्लीचं पुढे काय झालं. मम्मी म्हणाली, "तुमच्याच ताटात वाढलेली."

त्यांना एकदा फोन कर, दादा. माफी नको, ती माझी होती, मी मागितली. नुसतं बोल. तुझा फुटबॉल अजून आठवतो त्यांना.

आत्ता ते डॅडींच्या खुर्चीत झोपले आहेत, तोंड उघडं, पाय पसरून. सावंतवाडीची बस पाच वाजता आहे. मी दोनदा मम्मीला म्हटलं, उठवूया. मम्मी म्हणते, राहूंदे, शेवंतीला फोन करून सांग, उद्या येतील.